खाकी कागदातला आहेर

सतराव्या वर्षी कोडोलीच्या वाचनालयात मी ती कादंबरी वाचली. नदीवर नाव चालवणाऱ्या एका बाईची गोष्ट. नंतर दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. एवढ्या चांगल्या पुस्तकाला ना बक्षीस मिळालं, ना कुणी त्यावर चार ओळी लिहिल्या. लोकांचा मला तेव्हापासून राग आहे.

प्रकाशकानं दुकान गुंडाळलं तेव्हा उरलेल्या सगळ्या प्रती मी घरी आणल्या. आम्हा बौद्धांत लग्नात पुस्तक देतातच. मी तीस वर्षं प्रत्येक लग्नात हेच दिलं. खाकी कागद, वर पिवळ्या दोऱ्याची दुहेरी गाठ. शालन, माझी बायको, वैतागायची, "अवो, एकदा तरी कुकर द्या की!" मी ऐकलं नाही. शेवटी माझी स्वतःची प्रतही देऊन टाकली.

गेल्या रविवारी आमच्या मुलीचं, संघप्रियाचं लग्न झालं. कागलच्या एमआयडीसीत माझ्याबरोबर राबलेला केरबा स्टेजवर आला. त्याच्या हातात खाकी कागद होता, आणि पिवळ्या दोऱ्याची दुहेरी गाठ. सव्वीस वर्षांपूर्वी त्याच्या लग्नात मीच बांधलेली.

"धम्मपाल, पुस्तक हाय बघ. तुला नाद हाय म्हणून मुद्दाम पोरीसाठी आणलंय."

मी विचारलं, "कुठलं रं?"

"ते मला काय म्हाईत?" केरबा ऐटीत म्हणाला. "पर एकदम कोरं हाय. कुणी हातबी लावल्याला न्हाय."