पालथं ताट

इस्क्राने पत्र्यावरची भाजलेली ढोबळी मिरची उचलली आणि बोटं पोळली तशी पुन्हा टाकून दिली.

"मेहुणीबाई, सोफियात राहून हात नाजूक झाले तुमचे," चिमट्याने मिरच्या उलटत मोमचिल म्हणाला.

झोर्नित्सा हसली नाही. मान खाली घालून ती साली काढत होती. सप्टेंबरचं ऊन, शेजारी धगधगती चूल, तरी धाकट्या बहिणीसमोर तिने मनगटापर्यंत बाह्यांचा स्वेटर घातला होता.

मोमचिल सरपण आणायला घरामागे गेला. इस्क्रा हळूच ओर्मीत म्हणाली, "पाव आतून कच्चाच आहे ना?"

ओर्मी फक्त या दोघींना येत होती. लहानपणी त्यांनी धरणाच्या पाण्याखाली एक राज्य वसवलं होतं, तिथली ही बोली. तिथल्या माणसांपाशी भीती, राग, दगा यांना शब्द नव्हते. सगळं खाण्यापिण्यातून बोलायचं. वरून झाकलेलं दुखणं म्हणजे कच्चा पाव. गुपचूप पळून जाणं म्हणजे खिशात बिया भरणं. झोर्नित्साच्या लग्नानंतर दर रविवारी दोघी फोनवर याच भाषेत बोलत. नवरा शेजारीच टीव्ही बघत बसलेला असे. गेल्या रविवारी इस्क्राने विचारलं होतं, बिया कधी भरतेस? झोर्नित्साने फोन ठेवून दिला होता. मग अचानक निरोप आला, मिरच्या भाजायला ये.

"सोल," झोर्नित्सा साध्या बल्गेरियनमध्ये म्हणाली. "गार झाल्या की साल निघत नाही."

"ताई, मी काय विचारतेय?"

"सोल म्हटलं ना."

मोमचिल परतला. त्याने चुलीत दोन लाकडं सारली, हात झटकले आणि ओर्मीत, कुठेही न अडखळता म्हणाला, "इस्क्रा, या घरात तुझं ताट पालथं घातलंय."

राज्यातून कायमच्या हाकललेल्या माणसासाठी हे इस्क्रानेच रचलं होतं, शाळेत असताना. उच्चारसुद्धा चोख होता.

"जमतं ना मला?" तो पुन्हा बल्गेरियनवर आला. "रोज जेवणं झाली की ही शिकवते. आधी नाहीच म्हणत होती. आणि तुला बोलवायचं मीच सुचवलं. म्हटलं, फोनवर कशाला, तोंडावर सांगू."

झोर्नित्साची बोटं एकाच मिरचीवर थांबली होती. इस्क्राने त्या लांब बाह्यांकडे पाहिलं. तिला बहिणीचा राग येईना.

ती उठली.

"ताई, चपला घाल," ती गल्लीत कुणालाही कळेल अशा भाषेत आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाली. "माझ्याबरोबर चल. आत्ता."

मोमचिल सावकाश फाटकापाशी गेला.

"शेजाऱ्यांचं कुत्रं आत शिरतं," म्हणत त्याने कडी घातली.

कुंपणापलीकडे कुणीतरी वाहता नळ बंद केला.

झोर्नित्साने अर्धवट सोललेली मिरची परातीत ठेवली आणि बाकाखाली पायाने चपला चाचपू लागली.