आईचं रक्त, लेकीच्या पेशी

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे ‘मधाचं बोट’ म्हणायचो. प्रयोगशाळेचे प्रमुख, पण कुणाकडून काही हवं असलं की जीभ इतकी गोड, की ऐकणाऱ्याने आपणहून मान पुढे करावी.

त्या दिवशी समोर बसल्या होत्या शिवणकाम करणाऱ्या एक बाई. त्यांची लेक नर्स होती. साथ येण्याआधी तिने हौसेने आम्हाला नाकातल्या पेशी दिल्या होत्या. पुढे त्याच साथीत फुप्फुसं भरून ती गेली. पेशी आमच्याकडे राहिल्या: प्रयोगाच्या छोट्या ताटल्यांत वाढवलेल्या थोड्या, आणि गोठवलेली एक शेवटची नळी.

मी बाईंना सूक्ष्मदर्शकातून त्या दाखवल्या. पेशींवरची बारीक लव एका लयीत हलत होती. मखमलीवरून कुणी हात फिरवतंय, असं म्हणून त्या डोळा काढेचनात. मग एवढंच मागितलं, की हिला संपवू नका.

साहेब म्हणाले, नळीला बोटही लावणार नाही, फक्त या ताटल्या वापरू. त्यांत विषाणू सोडायचा, सोबत रक्तातल्या लढणाऱ्या पेशी घालायच्या आणि शरीर कसं झुंजतं ते बघायचं. लेकीचं रक्त कुणी ठेवलं नव्हतं, तर आईचं चालेल. मी साहेबांना बाहेर गाठून म्हटलं, पेशींवरच्या ओळखीच्या निम्म्या खुणा बापाच्या असतात, आईचं रक्त बिथरेल. ते म्हणाले, निम्म्या आईच्याही असतातच की. असल्या हिशेबावर माणसं प्रमुख होतात.

बाईंनी बाही दुमडून हात पुढे केला. “तिच्या वॉर्डात मला जाऊ दिलं नाही,” त्या म्हणाल्या. “रक्त तरी जाऊ दे.”

ताटल्या कमी पडल्या तेव्हा साहेबांनी मला नळीही वितळवायला लावली. नुसता विषाणू घातलेल्या पेशी आजारल्या, पण जगल्या. आईचं रक्त घातलेल्या सगळ्या मेल्या. जिथे विषाणूचा थेंबही नव्हता, तिथल्यासुद्धा. प्रयोग मातीमोल झाला.

साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. पुन्हा रक्त लागणार असेल म्हणून त्या बाही दुमडूनच आल्या. आता त्यांच्याकडून काही नको होतं, म्हणून मधही नव्हता.

“विषाणूने नाही मारलं,” साहेब म्हणाले. “तुमच्या रक्ताने मारलं. परकी समजून.”

बाई म्हणाल्या, “पोटात होती तेव्हा नव्हती वाटली परकी.”

साहेबांचा चेहरा उजळला. वा, काय प्रश्न काढलात, म्हणाले. यावर तर वेगळं संशोधन होईल. आवाजात पुन्हा मध उतरला. मला त्यांनी सुई आणायला सांगितलं. त्या क्षणी मला त्या माणसाची किळस आली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “ती नळी आहे ना?”

साहेब कागद चाळू लागले. सांगणं माझ्यावर आलं. नळी वापरली, मी म्हटलं. मग जगलेल्या तरी दाखवा, त्या म्हणाल्या. प्रयोग संपला की सगळ्या ताटल्या ब्लीचमध्ये बुडवायच्या, असा आमच्याकडे नियम आहे. सकाळीच बुडवल्या होत्या, माझ्याच हाताने. तेही सांगितलं.

बाईंनी बाही खाली ओढली आणि बटण लावलं. ते लागायला वेळ लागला.

“आज नको तर राहू द्या,” साहेब म्हणाले. “पुढच्या आठवड्यात आलात तरी चालेल.”