पहिला गठ्ठा

जुन्या हुबळीतल्या शिंप्यांच्या त्या गल्लीत एक रीत होती. शाळेच्या गणवेशांचं काम कुणालाही मिळो, कापड बेतून झालं की शिवायचा पहिला गठ्ठा गल्लीतल्या सगळ्यांत अडलेल्या घरी जायचा. नवरा गेल्यापासून तो वेणूबाईंच्या घरी येत असे. त्यात कुणी उपकार केल्याचा आव आणत नसे, आणि वेणूबाईंनाही कधी ओशाळं वाटलं नव्हतं.

बाळकृष्ण त्याच गल्लीतला. सुईत दोरा ओवण्यापासून सगळं तो वेणूबाईंच्या नवऱ्याकडे शिकला आणि शिकता शिकता त्यांच्याच घरी जेवून मोठा झाला. पुढे धारवाड रस्त्याला कारखाने उभे राहिले, कामगारांच्या कपड्यांची कंत्राटं निघाली आणि ती बाळकृष्णनं पटकावली. काम एवढं होतं की सगळी गल्ली सुखानं जेवली असती. पण वाटून खाल्लं तर बंगला कसा व्हायचा? आधी त्यानं शिलाईचा दर उतरवला. ज्यानं कुरकुर केली त्याचं काम शेजाऱ्याला दिलं, आणि शेजाऱ्यानं ते मुकाट्यानं घेतलं. माणसं वाईट नव्हती, पण प्रत्येकाच्या घरी चूल होती. मग त्यानं गोकुळ रोडला शेड बांधली, एकेकाचं मशीन मातीमोलानं घेतलं आणि ज्याचं मशीन त्यालाच त्यावर रोजंदारीनं बसवलं. हुबळी वाढायला लागली, असं जो तो म्हणे. वाढत होतीच की! विद्यानगरात बाळकृष्णच्या बंगल्यावर मजला चढला आणि गल्लीत दुपारी मशीनचा आवाज येईनासा झाला.

वेणूबाईंनी तेवढं मशीन विकलं नाही. त्यांची लेक नेत्रा कॉलेजात जात होती, त्या गल्लीतून कॉलेजात गेलेली पहिलीच मुलगी. घरी काम आलं तर ती शिकणार, नाही आलं तर शेडमध्ये जाऊन बसणार. दुसरा रस्ताच नव्हता. आणि त्या पावसाळ्यात घरात साधं एक काजसुद्धा झालं नव्हतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेडचा मॅनेजर प्रभंजन दारात आला.

"अक्का, उद्या पूजेला या. पहिला गठ्ठा तुमच्याच हातात द्यायचा म्हणालेत साहेब."

वेणूबाईंना भरून आलं. "बघ, बाळू विसरला नाही," त्या नेत्राला म्हणाल्या. "तू आता अभ्यासाचं तेवढं बघ." मग मशीन पुसलं, तेल घातलं, सैल झालेला पट्टा बदलून घेतला.

शेडमध्ये मशीनच्या रांगांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. एका मशीनवर गणपतीचं जुनं चित्र चिकटवलेलं दिसलं. ते गल्लीतल्या वत्सलाचं मशीन, वेणूबाईंनी लगेच ओळखलं. बड्या कारखान्याचे अधिकारी पुढे खुर्च्यांवर बसले होते. त्यांच्याकडे बघत बाळकृष्णनं आधी कानडीत आणि मग मराठीत गल्लीची रीत सांगितली, गठ्ठा वेणूबाईंच्या हातात ठेवला, फोटो निघाले, टाळ्या पडल्या. गठ्ठा जरा हलका लागला. पातळ कापड असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

घरी येऊन नेत्रानं गाठ सोडली. वरून एक नवं कापड गुंडाळलेलं होतं. आत नुसत्या चिंध्या होत्या, बेतताना खाली पडतात त्या. वेणूबाईंनी त्या उलट्यासुलट्या करून तळापर्यंत पाहिल्या.

"गडबडीत बदलला असेल गं," त्या म्हणाल्या. नेत्रानं गाठ पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी दसरा. त्या दिवशी लहानांनी मोठ्यांच्या हातात बन्नीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून द्यायची आणि पाया पडायचं. बाळकृष्ण दरवर्षी सगळ्यांत आधी वेणूबाईंकडे येई. त्या दिवसभर दाराशी बसून राहिल्या. दिवेलागण झाली तशी त्यांनी पानं घेतली, गठ्ठा काखेत मारला आणि नेत्राला घेऊन विद्यानगर गाठलं.

बंगल्याच्या व्हरांड्यात भेटायला आलेल्यांची गर्दी होती.

"बाळू, गठ्ठा बदललाय बघ माझा."

बाळकृष्ण हसला. "बदलला नाही अक्का, तो फोटोपुरताच होता. घरी काम देणं आम्ही कधीच बंद केलंय की. नेत्राला धाड सोमवारपासून, बसवतो तिला."

वेणूबाईंना त्याला विचारायचं होतं की लहानपणी तू कुणाच्या ताटात जेवलास. ते शब्द तोंडातच राहिले. घरी पिठाचा डबा रिकामा होता आणि हा माणूस सोमवार म्हणत होता. त्यांनी बन्नीची पानं पुढे केली. "सोन्यासारखं राहू रे," असं दसऱ्याचं बोलणं बोलल्या, आणि काय होतंय ते कळायच्या आत त्यांची पाठ वाकली, हात त्याच्या पायांना लागले.

आजवर त्यांच्या पायांवर डोकं ठेवत आलेल्या बाळकृष्णनं पाय मागे घेतले नाहीत.

वेणूबाई उठल्या. त्यांनी नेत्राकडे नुसतं पाहिलं. मग नेत्राही वाकली.