हाक पार जाईपर्यंत

“बंद करा वो तो फोन. थ्या पोरीच्या बोंबलन्यानं मेथी सुकून राह्यली माही.”

सत्यभामाबाईंनी जुडीची सुतळी करकचून ओढली. पडवीत बाजेवर शालिग्राम पाय लांब करून बसले होते. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि छातीवर सुनेचा फोन. देऊळघाटातला भाजीवाला म्हातारा काळा चष्मा लावून गिटार ऐकतो, हे गावाला कळलं असतं तर लोकांनी तिकीट काढून पाहिलं असतं.

“शेवटचं कडवं हाये,” शालिग्राम म्हणाले. “थांब जरा.”

शेवटचं कडवं आलं. ढोल, गिटार सगळं गप्प झालं आणि ती पोरगी एकटीच वर निघाली. ‘घाट चढला गाडा, दादाऽऽ, आता फिर मागं.’ ‘दादा’ची हाक लांबली, चढली, आता तुटते की मग तुटते असं करत वरच्या वर थरथरली आणि सुखरूप पलीकडे उतरली. शालिग्रामांनी रोखलेला श्वास सोडला.

“वाह!”

सत्यभामाबाईंच्या संसारात हा शब्द कधी आलाच नव्हता. पिठलं झकास जमलं तर हे मुकाट्यानं दुसऱ्यांदा ताट पुढं करत. यांच्या वांग्यांनी बाजार मारला तेव्हा ‘बरं हाये’ म्हणाले. मुलगा झाला तेव्हाही ‘बरं हाये’. आणि आता नखं काळी रंगवलेल्या एका पोरीला वाह!

“अर्पिता, लोक काय लिहून राह्यले, वाच बरं,” शालिग्रामांनी सुनेला हाक मारली. अर्पिता हात पुसतच आली. तिला तरी दुसरं काय हवं होतं?

“एक जन म्हन्ते, ‘मधुवंतीताई, त्या हाकेला अंगावर काटा आला.’ दुसरा म्हन्ते, ‘मूळ गायिकेनंतर हे कुणाला पेलेल असं वाटलं नव्हतं.’ अन् हा पाहा बाबा, ‘आई गेली तेव्हाही रडलो नव्हतो, आज रडलो.’”

“मायच्या मौतीले नाही रडला अन् गिटारीले रडला? बायकोनं तवा रडू देल्लं नसन.”

“आई, गानं जुनंच हाये. रेडिओवरचं. तिनं आपल्या ढंगानं म्हटलं. त्याले कव्हर म्हन्तात.”

“जुन्या गादीले नवं कव्हर घातलं म्हंजे कापूस का तिनं पिंजला?” सत्यभामाबाईंनी पुढची जुडी उचलली. “अन् जुनं हाये थे मले सांगतं? थ्या गान्यावर किती पोरी सासरच्या वाटेले लावल्या म्या, विचार तुह्या सासऱ्याले.”

सुनेनं सासऱ्याकडे पाहिलं. सासऱ्यानं बोटानं चाचपून शेवटचं कडवं पुन्हा लावलं.

खोटं नव्हतं ते. पोचवायला आलेल्या भावाला घाटावरून मागं फिरवणाऱ्या, रेडिओवरच्या त्या गाण्याला बायकांनी केव्हाच लग्नात ओढून आणलं होतं. पोरगी उंबरा ओलांडायला लागली की एकीनं गाणं उचलायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं, ही रीत. उचलणारणीला पहिलं कुंकू, पहिला खण. कारण हाक तिच्या एकटीची. ती एका दमात पार गेली की पोरगी सुखानं नांदते म्हणत. कुठं लग्न ठरलं की आधी देऊळघाटच्या सत्यभामेला निरोप, मग वाजंत्र्याला. पुरुष मंडळी या गाण्याच्या वेळी मांडवाबाहेर. बाईच्या गाण्याला बाप्यानं दाद द्यायची नाही, ऐकलं तरी ऐकलं म्हणायचं नाही.

आणि मग मोताळ्याचं लग्न आलं. नणंदेची पोरगी, कौशल्या. तिनं उंबऱ्यावर पाय ठेवला, सत्यभामाबाईंनी हाक उचलली आणि अर्ध्या घाटात गळा फुटला. भांडं पडावं तसा आवाज झाला. मग कुणीतरी ‘अवं माय, अपशकुन’ म्हणालं, कुणी पदराआड हसलं, आणि मोठ्या जावेनं, अंबूबाईनं, मागून गाणं हिसकून घेतलं. पुन्हा उचलायला सत्यभामाबाईंनी श्वास घेतला होता. तो तसाच राहिला. त्या दिवसापासून कुंकू, खण, निरोप सगळं अंबूबाईकडं. कौशल्या आज दोन सुनांना धाकात ठेवते, गुडघे सोडले तर तिला काही धाड भरलेली नाही. पण सत्यभामाबाईंनी परत गाणं म्हणून तोंडातून काढलं नाही. देवाची आरतीसुद्धा त्या ओठ हलवून भागवत.

त्या मधुवंतीचा कार्यक्रम बुलडाण्यात ठरला. पोरगी मूळची बुलडाण्याचीच, बाप कारकून, आता पुण्याला. अर्पितानं पास मिळवले. पण डॉक्टरांनी शालिग्रामांना धुळीत जाऊ नका म्हणून बजावलेलं.

“तू जा,” ते बायकोला म्हणाले. “पाहून ये अन् मले सांग.”

“मी? मले कायले?”

“तुले कळते त्यातलं.”

हे शब्दही नवेच होते. पण सत्यभामाबाईंनी ते कानाआड केले. त्यांना एकच गोष्ट पाहायची होती. फोनात काय, दहादा गातात आणि बरं तेवढं ठेवतात. माणसांसमोर, धुरळ्यात, एका दमात, तिथं कळणार होतं. तिथं ती फुटणार होती. आणि मग घरी येऊन या बाजेवरच्या रसिकाला सांगायचं होतं, ‘गेली होती मी. फुटली तुमची वाह.’ सुनेबरोबर रिक्षात बसल्यापासून हे वाक्य त्यांनी जिभेवर सुपारीसारखं धरून ठेवलं होतं.

कॉलेजच्या मैदानावर खुर्च्या होत्या, पण कुणी बसत नव्हतं. पोरं खुर्च्यांवर उभी, पोरी पोरांच्या पुढं. सत्यभामाबाईंनी लुगड्याचा काष्टा सावरला आणि कोपरानं जागा करत पुढं गेल्या. शेजारी कपाळावर ‘मधुवंती’ लिहून घेतलेली एक कॉलेजची पोरगी होती. तिनं बाटलीतलं पाणी पुढं केलं. “आजी, तुम्ही बी ताईच्या फॅन?”

“मी कोनाचाच पंखा नाही,” सत्यभामाबाई म्हणाल्या आणि पाणी मात्र प्यायल्या.

मधुवंती आली. फाटकी पँट, कानात बाळ्या, अंगानं काडी. ‘हिच्या पोटात दम राहते तरी कुठं?’ सत्यभामाबाईंना प्रश्न पडला. चार-पाच गाणी नुसता गोंधळ झाला. मग लोक ओरडायला लागले, “गाडा! गाडा!” वाजवणारे थांबले. मैदान शांत झालं.

तिनं उचललं. सत्यभामाबाई तिच्या गळ्याकडं पाहत नव्हत्या, खांद्यांकडं पाहत होत्या. खांदे वर आले की दम उथळ पडला समजायचं. हाकेच्या आधी पोरीचे खांदे वर आले.

‘आता,’ त्या मनात म्हणाल्या. ‘आता फूट.’

आणि ती फुटली. नेमकी अर्ध्या घाटात. तसाच आवाज, भांडं पडल्याचा.

सत्यभामाबाईंनी डोळे मिटले. आता हसतील. आता कुणीतरी मागून हिसकून घेईल. हेच तर पाहायला आल्या होत्या, आणि आता पाहवेना.

पण मैदानभर टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. “ताई, पुन्हा! ताई, पुन्हा!” शेजारची पोरगी तर नाचायलाच लागली.

“अवं, काऊन नाचतं? फुटली नं थे!” सत्यभामाबाई तिच्यावर खेकसल्या.

“फुटली तं काय झालं, आजी?” पोरगी म्हणाली. “इतकं वर हाये थे. फुटनारच. पुन्हा घेईन ना ती.”

वर मधुवंती खळखळून हसली, पाणी प्यायली, कान धरून म्हणाली, “सॉरी हं बुलडाणा. घाटात गाडी बंद पडली.” आणि पुन्हा उचललं. खांदे आता खाली होते. हाक गेली, चढली, थरथरली, पार झाली. सगळं मैदान ‘आता फिर मागं’ झेलायला धावलं.

सत्यभामाबाईंना मघापर्यंत त्या पोरीच्या गळ्याचा हेवा होता. आता गळ्याचं काही राहिलं नव्हतं. गळा त्यांनाही होता. जळत होतं ते त्या ‘पुन्हा’साठी. अशी माणसं कुठं मिळतात? कोणत्या बाजारात? आपल्या वेळी मोताळ्यात यांच्यातलं एक जरी असतं! परतीच्या रिक्षात अर्पिता काहीबाही विचारत राहिली.

सकाळी पडवीत मेथीचा ढीग पडला होता. शालिग्राम बाजेवर वाटच पाहत होते.

“कसं झालं?”

वाक्य जिभेवर होतं. निघालं अर्धंच. “फुटली.”

शालिग्रामांचा हात चष्म्याशी थांबला. “मंग?”

“मंग काय. पुन्हा उचललं तिनं.”

“लोकायनं उचलू देल्लं?”

“मांगून घेतलं लोकायनं. ‘पुन्हा, पुन्हा’ म्हून.”

“अन् गेली पार?”

“गेली.”

शालिग्रामांनी पाय बाजेखाली सोडले. मग हळूच म्हणाले, “मोताळ्याले मी मांडवाच्या मांगं होतो. बैलं बांधले होते तिथं.”

सत्यभामाबाईंच्या हातातली सुतळी सैल झाली.

“तू दम घेतलेला आयकू आला मले. अंबूवैनी मंधात आल्या नसत्या तं गेली असती हाक. ही पोरगी तिथं आली का मले धस्स होते. पार झाली का बरं वाटते.”

“मंग तवाच काऊन नाही बोलले?” त्यांचा आवाज चढला. “येक शबूद! ‘पुन्हा’ म्हनाले असते तं जीभ झडली असती का तुमची?”

“बायायच्या गान्यात मानसानं कसं बोलावं?”

“हाव नं. बैलं तरी हंबरतात.”

शालिग्रामांनी फोन उचलला, चाचपडत बंद केला आणि उशीखाली सारला. ज्या कानानं नीट ऐकू यायचं तो कान बायकोकडं करून, हात मांडीवर ठेवून ते बसले.

“पुन्हा,” ते म्हणाले.

सत्यभामाबाईंनी जुडी बांधली. दुसरी बांधली. एकदा घसा खाकरला, खांदे खाली घेतले. श्वास आत गेला आणि तिथंच थांबला.

बाहेर भाजीच्या टेम्पोनं हॉर्न दिला. त्या उठल्या, पाटी डोक्यावर घेतली आणि उंबरा ओलांडून गेल्या. पडवीत शालिग्राम कान तसाच तिरका धरून बसून राहिले.