अंधारातही माणूस ओळखेल अशी

"ही बघा, मुठीत मावते," दुकानदार म्हणाला. "दहापट जवळ दाखवते. खिशात टाकली की विसरूनच जाल."

"विसरायचीच तर नाहीये," झोर्का म्हणाली.

नेझानं आईला कोपरानं ढोसलं. दुकानदार चपापला, पण त्यानं आणखी चार छोट्या दुर्बिणी काचेवर मांडल्या.

लुब्लियानातल्या असल्या दुकानात झोर्का पहिल्यांदाच शिरली होती. कोचेव्येच्या लाकूडगिरणीत ती कामगारांचा स्वयंपाक करायची. शिकारीचा नाद तिच्या नवऱ्याला, लोय्झेला होता. सहा वर्षांपूर्वी तिन्हीसांजेला, मक्याच्या शेताच्या कडेला, त्याच्या जिवलग मित्रानं त्याला रानडुक्कर समजून गोळी घातली. विन्को त्याचं नाव. त्याची दुर्बीण चांगली होती, पण जड. मान दुखते म्हणून तो ती गाडीतच ठेवून आला होता. कोर्टानं दिलेली शिक्षा भोगून विन्को गावात परतला, पण झोर्कानं त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. तो समोरून आला की ती रस्ता ओलांडायची.

आणि आता एकुलती एक लेक शिकारीची परीक्षा पास होऊन बापाच्याच टोळीत जायला निघाली होती. झोर्कानं आठवडाभर अबोला धरला. मग एकच अट घातली, दुर्बीण मी निवडणार.

"दुपारी सगळ्याच छान दिसतात हो," ती दुकानदाराला म्हणाली. "तुमच्याकडे अंधार कुठंय?"

"अंधार?" तो हसला. "तो काही आम्ही विकायला ठेवत नाही, बाई."

तरी त्यानं दोघींना तळघरात नेलं. लांबच लांब बोळ, एकच मिणमिणता दिवा. "थांबा इथंच," म्हणत तो पलीकडे गेला. नेझानं मुठीतली दुर्बीण डोळ्यांना लावली.

"काहीतरी काळं आहे. पोतं असेल... नाही, पेटी."

"हलतंय का?"

"कळत नाही गं."

झोर्कानं ती तिच्या हातातून काढून घेतली. तिनं दुसरी पुढे केली. ही थोडी जाड होती, पुढची भिंगं रुंद होती. नेझानं ती लावली आणि तिला हसूच आलं. "अगं, ते स्वतःच उभे आहेत! हात हलवतायत!"

दुकानदार परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. काय ते त्याला उमगलं असावं. "भिंग मोठं, तितका उजेड जास्त," तो हळू आवाजात म्हणाला. "पण ही खिशात मावायची नाही. गळ्यात घालावी लागेल."

"गळ्यात जड होईल? गाडीत ठेवावीशी वाटेल?"

"नाही. एवढं ओझं नाही हिचं."

"मग हीच द्या."

घरी परतताना नेझा गाडी चालवत होती. मग एकदम म्हणाली, "तू काय मला विन्को समजतेस?"

"विन्कोही चांगलाच माणूस होता गं," झोर्का म्हणाली. "तीच तर भीती आहे."

त्याच शनिवारी नेझा आईला आग्रहानं मचाणावर घेऊन गेली. "आज गोळी झाडायची नाही. नुसतं बघू. कधीकधी अस्वलंही येतात." खाली तेच शेत होतं. लोय्झे गेल्यापासून झोर्का इकडे फिरकली नव्हती, दिवे लावायची ते फक्त त्याच्या थडग्यावर. एक कोल्हीण पिलांना घेऊन बांधावरून गेली. दोघींनी आळीपाळीनं पाहिली, आणि क्षणभर झोर्काला बरंही वाटलं.

उजेड सरत आला तेव्हा मक्याच्या कडेला काहीतरी काळं, वाकलेलं हललं. नेझा ताठ झाली. बंदूक तिच्या मांडीवर होती, हात मात्र आधी गळ्याशी गेला. ती पाहत राहिली. मग अगदी कुजबुजत म्हणाली, "आई, माणूस आहे."

झोर्कानं दुर्बीण घेतली. विन्को होता. गुडघे टेकून तो लाल काचेचा दिवा लावत होता. वाऱ्यानं काडी विझली. दुसरीही विझली. त्यानं डोक्यावरची टोपी काढून आडोसा केला. केस पार गेले होते, गालाची हाडं वर आली होती. हा माणूस लोय्झेबरोबर तिच्या ओट्याशी उभा राहून कढईतलं मांस पळवायचा.

"दर शनिवारी येतो," नेझा म्हणाली. "टोळीत सगळ्यांना ठाऊक आहे. तुला सांगायची कुणाची छाती झाली नाही."

"म्हणून आणलंस मला?"

नेझानं बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली. "हाक मारू त्याला?"

"नको. काडी विझेल त्याची."

दिवा लागला. विन्को मांड्यांवर हात रेटत उठला, टोपी न घालताच थोडा वेळ उभा राहिला आणि मग शेत तुडवत रस्त्याकडे निघाला. झोर्काची कोपरं भरून आली होती. तो रस्त्याला लागून दिसेनासा होईपर्यंत तिनं दुर्बीण खाली घेतली नाही.