इवायांची तलफ

वाऱ्यानं पुन्हा काडी विझली, तेव्हा बन्सीनाना भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. दवाखान्याच्या मागं, जनरेटरच्या खोलीलगत एवढीच एक जागा होती, जिथं कुणी हटकत नव्हतं. दुसरी काडी काढणार तोच बाजूनं एक हात पुढं आला. हातात पेटता लायटर होता. नानांनी सवयीनं विडी पुढं केली, पेटवून घेतली, झुरका आत ओढला आणि मग मान वर केली. समोर त्यांचे इवाई, म्हणजे व्याही, उभे होते.

चेतन आणि शॅरनच्या लग्नापासून या दोघांचं बोलणं असं नव्हतंच. मुलाचं लग्न विहारात व्हावं, असं नानांच्या मनात होतं. मुलीचं चर्चमध्ये व्हावं, असं योसेफ उजागऱ्यांच्या मनात होतं. पोरांनी दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं आणि रजिस्टर लग्न केलं. तेव्हापासून दोन्ही बापांना वाटत आलं होतं, की समोरचा जरा नमता तर आपलं म्हणणं राहिलं असतं. योसेफ संगमनेरला दूध संघातून निवृत्त झालेले. नाना एसटीचे ड्रायव्हर, तेही निवृत्त, नगरच्या केडगावात घर. सणासुदीला फोन व्हायचा. योसेफ ‘सलाम’ म्हणायचे, नाना ‘जय भीम’, आणि मग फोन नानांच्या बायकोच्या नाहीतर सणाला आलेल्या शॅरनच्या हातात जायचा.

योसेफनी आपली सिगारेट पेटवली.

“पेटीत ठेवलंय बाळाला,” ते म्हणाले.

“व्हय. बघितलं काचंतून.”

“हात एवढासा आहे.” त्यांनी करंगळीचं पेर दाखवलं.

नानांनी मान हलवली. दोघांनी आपापला धूर वेगवेगळ्या दिशेला सोडला.

बाळ आठव्या महिन्यातच आलं होतं. मुलगी. जिवाला धोका नाही, पण फुप्फुसं कच्ची आहेत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आणखीही काही सांगितलं होतं, ते दोघं वर गेल्यावर कळलं. शॅरन उशीला टेकून बसली होती. दोघं आत आल्याबरोबर तिनं पदर नाकाशी नेला. मुद्दाम नव्हे, आपसूक.

“पप्पा, नाना, इकडं बघा,” ती म्हणाली. “विडी-सिगारेट पिणाऱ्यानं बाळाला घ्यायचं नाही. बाहेर पिऊन आलं तरी नाही. कपड्यांना राहतं, श्वासाला राहतं. तुम्ही दोघं सोडाल तेव्हाच ती तुमच्या हातात देईन. तोवर लांबून बघा.”

ती चिडली असती तर नानांना सोपं गेलं असतं. ती चिडली नव्हती. कोपऱ्यात फळं चिरत बसलेल्या विमलबाईंनी नवऱ्याकडं, नानांकडं, पाहिलं आणि सुरी बाजूला ठेवली.

“म्या तीस वरसं सांगतेय,” त्या म्हणाल्या. “पर माजं कोन ऐकतंय. आता नातीचं ऐका.”

खाली चहाच्या टपरीवर दोघं समोरासमोर बसले. कप रिकामे झाले तरी कुणी उठेना. चहानंतर हात खिशाकडं जायची दोघांचीही रीत, आणि दोघांचेही हात टेबलावर मुकाट पडून होते.

“मी आधी सोडून पाहिली होती,” योसेफ म्हणाले. “एकट्यानं होत नाही.”

“म्या तर कधी बघितलीच न्हाई सोडून. घाटात गाडी असली म्हंजे विडीबिगर डोळा उघडा ऱ्हायचा न्हाई.”

“असं करू. तलफ आली की मला फोन करा. मला आली की मी करीन.”

“आन बोलायचं काय?”

“ते बघू. तलफ जाईस्तोवर काहीतरी.”

नानांनी हो म्हटलं, पण बसस्टँडकडं चालताना मनाशी ठरवून टाकलं, की फोन आपण आधी करायचा नाही. हरायचं असेल तर व्याह्यांनी हरावं.

तो हट्ट लई महागात पडला. बडीशेप झाली, लवंगा झाल्या, कडुनिंबाची काडी चावून झाली. नाना घरात येरझाऱ्या घालत होते. भाजीत मीठ कमी म्हणून चिडले, मग जास्त म्हणून चिडले. पंख्याचा आवाज सहन होईना म्हणून तो बंद केला आणि उकडतंय म्हणून विमलबाईंवर ओरडले.

“इवायांना फोन करा,” त्या म्हणाल्या. “न्हाईतर विडी प्या. पर माझ्या मानगुटीवर बसू नका.”

तेवढ्यात फोन वाजला. योसेफ होते. नानांना इतकं हायसं वाटलं, की ‘हॅलो’ म्हणायच्या आधी ते खुर्चीत नीट मांडी घालून बसले.

“बोला काहीतरी,” पलीकडून दाबलेला आवाज आला. “हात खिशाकडं जातोय माझा. तुम्ही कुठल्या कुठल्या रस्त्याला गाडी न्यायचात, ते सांगा.”

मग नानांनी तोंडानंच नगरच्या स्टँडवरून पाथर्डीची गाडी काढली. भिंगार मागं टाकलं, मेहेकरीचा उतार उतरले. करंजी घाटात प्रत्येक वळण, कुठं गियर टाकायचा, कुठं समोरचा ट्रक अंगावर येतो, कुठल्या वळणावर एकदा लग्नाचं वऱ्हाड नवरदेवासकट उतरून गाडीला धक्का मारत होतं, सगळं सांगितलं. योसेफ मधेमधे हुंकार देत होते. मग हसले.

“कुठवर आलो?” त्यांनी विचारलं.

“तिसगाव.”

“बास. उतरलो मी. गेली तलफ.”

फोन ठेवल्यावर नानांच्या ध्यानात आलं, की आपलीही गेली होती.

पुढं हे रोजचंच झालं. नानांनी जिल्ह्यातले सगळे रस्ते योसेफना फिरवून आणले. नानांना तलफ आली की योसेफ दुधाचं सांगायचे. पहाटे टँकर कसे यायचे, नुसत्या वासावरून शिळं दूध कसं ओळखायचं, गाईचं आणि म्हशीचं दूध एकत्र केलेलं कसं लपत नाही. एकदा नानांची चिडचिड फारच वाढली तेव्हा योसेफनी बाजाची पेटी फोनजवळ ओढली आणि चर्चमधलं एक गाणं वाजवलं. नाना ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “चाल चांगली हाय. आमच्या भजनी मंडळाला बसंल.”

बाळ नगरलाच सावेडीत, चेतन-शॅरनच्या फ्लॅटवर घरी आलं. दोन्ही आजोबा आठवड्यातून एकदा जायचे आणि दारातल्या खुर्च्यांवर बसून लांबून बघायचे. बाळ जांभई द्यायचं, तेवढ्यावर त्यांचं परतीपर्यंत बोलणं व्हायचं.

मग एका सकाळी योसेफचा फोन आला आणि पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला.

“कुठं हाय तुमी?” नानांनी विचारलं.

“नदीवर. पाकीट घेतलंय.” जरा वेळानं, “फोडलं नाही अजून.”

नानांनी करंजी घाट काढला नाही. “बसून ऱ्हावा तितंच,” एवढंच म्हणाले आणि पायांत चपला घालून संगमनेरची एसटी धरली. राहुरी, कोल्हार, लोणी. आयुष्यभर चालवलेल्या रस्त्यावर त्या दिवशी त्यांना ड्रायव्हर फार सावकाश नेतोय असं वाटत राहिलं.

प्रवरेच्या घाटावर, पाण्यापासून जरा वरच्या पायरीवर योसेफ बसले होते. पाकीट शेजारी, कोरं. नाना धापा टाकत खाली उतरले आणि पाकिटाच्या पलीकडं बसले.

“आज मार्थाचा दिवस. शॅरनची आई जाऊन बरीच वर्षं झाली,” योसेफ पाण्याकडं बघत म्हणाले. “ती फार ओरडायची सिगारेटवरून. संध्याकाळी मी पायरीवर येऊन पेटवली, की हातातलं काम टाकून बाहेर यायची. शेजारी बसायची आणि सिगारेट संपेपर्यंत बोलत राहायची. फुप्फुसं, खोकला, पैसे, शेजारीपाजारी, सगळं. गेल्यावरसुद्धा मी पेटवली की वाटायचं, आता येईल. आता पेटवतच नाही, तर ती येणार कशाला?”

नदीत पाणी थोडंच होतं. पलीकडं कुणीतरी बैल धूत होतं. मग नाना घसा खाकरून म्हणाले,

“मंग म्या वरडू का?”

योसेफनी मान वळवली.

“तुम्हाला जमेल?”

“बघतो.” नाना सावरून बसले. “अवं, कळतं का तुमाला काही? वय काय, वागनं काय. पोरगी त्या बाळाला घिऊन दारात वाट बघतीय आन तुमी हितं नदीवर पाकीट घिऊन बसलाय. लाज हाय का?”

आवाज अगदी विमलबाईंचा निघाला. योसेफ आधी नुसते हादरले, मग हसू लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिले, बराच वेळ. नाना पलीकडच्या बैलाकडं बघत बसले.

पाकीट न फोडलेलं म्हणून दुकानदारानं कुरकुरत परत घेतलं. त्याच्या बदल्यात दोघांनी राजगिऱ्याचे लाडू घेतले आणि स्टँडवर उभ्यानंच खाल्ले.

शॅरननं त्यांना बोलावलं, तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. तिनं आधी वडिलांच्या कॉलरचा वास घेतला, मग सासऱ्यांच्या. नानांना एवढी लाज कधी डेपोत साहेबानं तोंडाचा वास घेतानाही वाटली नव्हती. मग तिनं बाळ त्यांच्या हातांवर ठेवलं. स्टिअरिंग धरून घट्टे पडलेले ते हात इतके ताठ झाले, की विमलबाई म्हणाल्या, “गाडी न्हाई ती. सैल धरा.” बाळानं डोळे उघडून नानांकडं बघितलं आणि काही विशेष नाही असं वाटून परत मिटले.

नाव चेतननं ठेवलं, यशोधरा. नाना सुखावले. योसेफही लगेच कबूल झाले आणि तिला ‘यशू’ म्हणू लागले. ते ज्या भक्तीनं हाक मारत ती ऐकून ते नेमकं कुणाचं नाव घेतायत, अशी नानांना शंका यायची. पण त्यांनी ती बोलून दाखवली नाही.

तलफ हळूहळू विरळ झाली. फोनही. आधी दिवसाआड, मग आठवड्यानं. नाना सकाळी फिरायला जायचे, जिने न थांबता चढायचे, भाजीची चव लागायची. सगळं उत्तम चाललं होतं. तरी दुपारी जेवण झालं की ते फोन हातात घेऊन बसायचे, उलटा करायचे, सुलटा करायचे आणि परत ठेवून द्यायचे.

“काय हुतंय?” विमलबाईंनी एकदा विचारलं.

“काई न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नंबर लावला.

“इवाई, सलाम. तलफ आलीय.”

पलीकडून योसेफनी विचारलं,

“फार आलीय?”

“लई.”

“थांबा. फोनवर जायची नाही ती. मी निघतो.”

चुलीपाशी बसलेल्या विमलबाईंनी मागं वळून नवऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मग डब्यातून आणखी थोडं पीठ काढून परातीत घेतलं.

योसेफ जेवणाच्या वेळेला पोचले. इस्त्रीचा शर्ट, हातात चक्क्याचा डबा. तलफेचं त्यांनी काही विचारलं नाही, नानांनीही सांगितलं नाही. भाकरी आणि बोंबलाचं कालवण झालं, चक्का झाला, अंगणात खाट टाकून दोघांनी डुलकी काढली. उन्हं उतरल्यावर रिक्षानं सावेडीला जाऊन यशोधरेला आळीपाळीनं मांडीवर घेतलं आणि ती कुणाकडं बघून जास्त हसली यावर परत येताना वाद घातला.

स्टँडवर संगमनेरची गाडी लागलेली होती. नानांनी पुढं होऊन खिडकीची जागा धरून दिली. योसेफ बसले, काच सरकवली आणि बाहेर डोकं काढून म्हणाले,

“जय भीम, इवाई. पुढच्या बुधवारी मला येणार आहे तलफ. सकाळच्याच गाडीनं या.”