अकरा विहिरींचं पाणी

विद्यापीठाची तपासणी करणारी समिती अकराला येणार होती आणि मी साडेनऊपासून राघोकाकांच्या अंगणात येरझाऱ्या घालत होते. शिकवणं, संशोधन, समाजकार्य, तिन्हींत आमचं विद्यापीठ पुढे आहे हे समितीला पटवायचं होतं. कळव्याच्या खाडीकाठचं हे आमचं दत्तक गाव, आणि इथल्या विहिरींचा अभ्यास माझा. तो पसंत पडला की माझी बढती पक्की. बॅनर वाऱ्यानं सारखा उलटत होता. मला त्याचाही राग येत होता.

लक्ष्मीकाकूंनी पाणी आणलं. गोड, गार.

“विहिरीचं ना?” मी विचारलं.

“चल! इहिरीचा खारा हाय, भांडी घासाला. यो विकतच्या जारचा. तुमची पोरा बाटल्या घेऊन आलती, तवा पन काकांनी जारचाच भरून दिला. पावन्यांना खारा पानी द्याचा काय?”

“सगळ्यांनीच?”

“आख्ख्या आलीनी, अकराच्या अकरा घरांनी.”

अकराही विहिरींचं पाणी पिण्यायोग्य ठरलं होतं, आकडेही जवळजवळ सारखे आले होते. तेव्हाच शंका यायला हवी होती. मी मात्र डिपार्टमेंटमध्ये पेढे वाटले. नमुने घ्यायला मी स्वतः आलेच नव्हते. मीटिंग होती.

“काका, तुम्ही नळ मागितला होता, त्याचं काय झालं?” मी ओट्यावर बसलेल्या राघोकाकांना विचारलं.

“दोन वर्सा खेपा घालताव. पान्याच्या ऑफिसात बोलतान, तुमच्या इहिरी चांगल्या हायत, तसा रिपोर्ट हाय. कोनाचा, ता कोन सांगतंय?”

मला माहीत होतं कोणाचा.

तेवढ्यात गाड्या आल्या. हार, नारळ झाले. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, “काका, विद्यापीठाचा गावाला काही फायदा?”

काकांनी हात जोडले. “लय भला केला सायेब. पोरा लय गुनाची.”

अध्यक्ष खूश होऊन लिहायला लागले. मी फक्त गप्प बसायचं होतं. पाच मिनिटं, बस्स.

मी विहिरीवर गेले, बादली ओढली, दोन पेले भरले. एक स्वतः तोंडाला लावला. घोट घशाखाली उतरेना. दुसरा अध्यक्षांपुढे धरला.

“अगो, काय करतंस!” काकू ओरडल्या.

अध्यक्षांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “हे काय आहे?”

“माझ्या रिपोर्टातलं पिण्याचं पाणी,” मी म्हणाले. “काकांचा नळ त्या रिपोर्टानंच अडवलाय.”

काका माझ्याकडे बघतच राहिले. जोडलेले हात त्यांनी हळूहळू खाली घेतले.